जुनी विज्ञानकथा-मिनिएचर्स: जमवणं, ओळखणं, नोंदवणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंतराळातले सैनिक, चाचे, यंत्रमानव, परग्रहवासी अशा अंगठ्याच्या पेराएवढ्या धातूच्या पुतळ्यांचा नाद लागलेल्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी दिली आहेत. नोंदवहीबद्दल जास्त लिहिलं आहे आणि ते मुद्दाम. पुतळे कुणीही विकत घेऊ शकतं. आपल्या डब्यात काय आहे, ते कशावरून आणि किती खात्रीनं, हे सांगता आलं की मगच त्याला संग्रह म्हणावं.

नेमकी कोणती मिनिएचर्स या पानाच्या कक्षेत येतात?

टेबलावर फाशांनी खेळायच्या युद्धखेळांसाठी १९७४ पासून साधारण १९९५ पर्यंत तयार झालेली. बहुतेक शिसं आणि कथील यांच्या मिश्रधातूची, काही सुरुवातीच्या काळातली प्लॅस्टिकची. आकार मुख्यतः तीन: २५ मिलिमीटर, १५ मिलिमीटर आणि ६ मिलिमीटर. शोकेससाठी बनवलेली मोठी मॉडेल्स आणि सिनेमांची खेळणी यात येत नाहीत.

याची सुरुवात कुठे झाली?

अमेरिकेत, युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत. जॉन मॅकइवन यांनी १९७४ मध्ये 'स्टार गार्ड' हे नियम काढले आणि त्यासाठी पुतळेही स्वतःच ओतले. पुढे कॅलिफोर्नियातल्या आर्काइव्ह मिनिएचर्सनं 'स्टार रोव्हर्स' मालिका आणली. १९७७ मध्ये इलिनॉयच्या गेम डिझायनर्स वर्कशॉपनं 'ट्रॅव्हलर' हा भूमिकांचा खेळ काढला आणि त्याच्याभोवती पुतळ्यांची मोठी फळी उभी राहिली. टेक्सासच्या मार्शियन मेटल्सनं १५ मिलिमीटरमध्ये, ग्रेनेडियरनं २५ मिलिमीटरमध्ये आणि इंग्लंडच्या सिटाडेलनं पुन्हा १५ मिलिमीटरमध्ये 'ट्रॅव्हलर'चे संच काढले. एकाच खेळाचे तीन कंपन्यांचे तीन अवतार झाले. मिसळलेल्या डब्यातला पुतळा ओळखताना लोक पहिल्यांदा अडतात ते इथे.

इंग्लंडचा धागा बराचसा ब्रायन अ‍ॅन्सेल या एका माणसाभोवती गुंफलेला आहे. नॉटिंगहॅममधली अ‍ॅसगार्ड मिनिएचर्स, १९७९ च्या सुमारास न्यूअर्क गावात गेम्स वर्कशॉप या खेळांच्या कंपनीबरोबर सुरू झालेली सिटाडेल आणि १९८० चे 'लेझरबर्न' हे १५ मिलिमीटरचे नियम, या तिन्ही ठिकाणी त्यांचं नाव भेटतं. 'लेझरबर्न'मध्ये शक्तिचालित चिलखतं आहेत, बोल्ट गन आहेत. सात वर्षांनी याच गोष्टी दुसऱ्या एका खेळात आल्या आणि जगभर पसरल्या. म्हणूनच 'लेझरबर्न'चे बारके पुतळे दिसायला कितीही साधे वाटले, तरी संग्रहात त्यांना मानाची जागा द्यावी असं मला मनापासून वाटतं.

सगळे १९८७ सालाचंच नाव का घेतात?

त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये रिक प्रीस्टली यांचा 'वॉरहॅमर ४०,०००: रोग ट्रेडर' बाजारात आला. आज जो खेळ नुसता आकड्यानं ओळखला जातो, त्याची ही पहिली आवृत्ती. त्यासोबतच आरटीबी०१ हा खोका आला. त्यात तीस प्लॅस्टिकचे स्पेस मरीन, म्हणजे या खेळातले चिलखती अंतराळ सैनिक, सुटे पाय, धड, हात आणि चोचीसारख्या तोंडाची शिरस्त्राणं अशा भागांत होते, किंमत ९ पौंड ९५ पेन्स. बॉब नेस्मिथ यांनी घडवलेला हा संच इतका खपला की आजही तो सहज सापडतो.

पण पहिला स्पेस मरीन त्या खोक्यातला नव्हे. खेळ येण्याआधीच एलई२ या क्रमांकाचा धातूचा एकटा सैनिक मर्यादित आवृत्ती म्हणून विकला गेला होता. २०१६ मध्ये त्याला तीस वर्षं झाल्याच्या निमित्तानं कंपनीनं त्याच ठेवणीचा नवा प्लॅस्टिक पुतळा काढला. या दोघांची गल्लत करू नका. धातू आणि प्लॅस्टिक हातात घेतल्याबरोबर कळतं, फोटोवरून खरेदी करताना मात्र फसायला होतं.

माझं मन मरीनपेक्षा त्याच काळातल्या फुटकळ मंडळींवर जास्त बसलं आहे: भाडोत्री सैनिक, चाचे, व्यापारी, साधे नागरिक. प्रत्येकाची वेगळी उभं राहण्याची ढब, वेगळे कपडे, वेगळा चेहरा. नंतर सगळं गणवेशात गेलं आणि ही विविधता आटली.

हातात एक अनोळखी पुतळा आला. ओळखायला कुठून सुरुवात करू?

तळापासून. चेहरा, बंदूक, चिलखत यांच्यावर नजर आधी जाते, पण पायाखाली जास्त माहिती असते.

पुतळ्यासोबतच ओतलेला धातूचा तळ असेल, तर तो बहुधा १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धातला किंवा त्याआधीचा. निदान सिटाडेलच्या बाबतीत हे भरवशाचं आहे. तळ उलटा करा. खालच्या बाजूला किंवा कडेला कंपनीचं नाव, आद्याक्षरं किंवा क्रमांक कोरलेला सापडू शकतो. रंगाखाली बुजलेला असेल तर टॉर्च अगदी आडवी धरून तिरपा उजेड पाडा, अक्षरं सावलीतून उठून येतात.

पायाखाली चपटी धातूची पट्टी असेल आणि ती काळ्या प्लॅस्टिकच्या खाचेत बसत असेल, तर तो स्लॉटाबेसचा पुतळा. सिटाडेलनं ही पद्धत १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणली. पट्टीवर एका बाजूला कंपनीचं नाव आणि साल, दुसऱ्या बाजूला पुतळ्याचं किंवा गटाचं नाव असतं. पट्टी खाचेत चिकटवलेली असेल तर ओढाताण करू नका, घोट्यापाशी पाय मोडतात. प्लॅस्टिकचा तळ कटरनं कडेकडेनं कापून काढा. तळ दोन रुपयांचा, पट्टी अनमोल.

यानंतर उंची मोजा. शाळेच्या प्रयोगशाळेतला व्हर्निअर कॅलिपर आता डिजिटल रूपात स्वस्तात मिळतो. मोजायचं तळव्यापासून डोळ्यांपर्यंत, कारण शिरस्त्राण आणि केस प्रत्येकाचे वेगळे. नंतर वजन घ्या. छोट्या डिजिटल काट्यावर ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत आकडा मिळतो आणि पुढे नक्कल ओळखताना तो फार कामाला येतो.

शिल्पकाराचा हात ओळखणं हे सगळ्यांत शेवटी. केव्हिन अ‍ॅडम्स यांच्या ऑर्कांचे, म्हणजे राक्षसी लढवय्यांचे, बेरकी चेहरे, जेस गुडविन यांच्या एल्डार या परग्रहवासीयांची सडपातळ, ताणलेली ठेवण, बॉब ओली यांचे दणकट, सुरकुतलेले देह हे शेकडो पुतळे पाहिल्यावर आपोआप कळू लागतं. तरीही 'शैली तशी वाटते' एवढ्यावर शिल्पकाराचं नाव पक्कं लिहू नका.

पट्टीवर १९८७ आहे. म्हणजे हा पुतळा १९८७ साली ओतला गेला?

नाही. ते साल शिल्पाच्या हक्काचं. तोच साचा पुढची कित्येक वर्षं चालू शकतो, त्यामुळे नोंदवहीत 'पट्टीवरचं साल' असा स्वतंत्र रकाना ठेवा आणि ओतकामाचा काळ वेगळा लिहा, तोही पुरावा असेल तरच. पुरावा धातूतून मिळू शकतो. १९९३ मध्ये न्यूयॉर्क राज्यात शिशाच्या पुतळ्यांवर बंदीची चर्चा सुरू झाली, तेव्हा सिनसिनाटीच्या राल पार्थानं 'रॅलिडियम' नावाचा बिनशिशाचा मिश्रधातू वापरायला घेतला. पुढे त्या कायद्यातून मिनिएचर्सना सूट मिळाली, पण तोवर बदल सुरू झाला होता. सिटाडेल १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात बिनशिशाच्या धातूकडे वळली. शिशाची घनता ११.३, कथलाची ७.३, त्यामुळे एकाच शिल्पाची जुनी आणि नवी प्रत काट्यावर ठेवली की फरक लपत नाही. जुनी जड, मऊ आणि काळपट. नवी हलकी, कडक आणि चकचकीत.

नोंदवहीत काय काय लिहायचं?

मूळ नियम एकच: जे डोळ्यांना दिसतं ते एका बाजूला आणि त्यावरून जे ठरवलं ते दुसऱ्या बाजूला. या दोन गोष्टी एका वाक्यात मिसळल्या की दहा वर्षांनी तुमचं तुम्हालाच कळत नाही की 'आर्काइव्ह, १९७९' हे तळावर कोरलेलं वाचलं होतं की कुणी विक्रेत्यानं सांगितलं होतं.

नमुन्यादाखल एक नोंद:

'०१४७. मानव, उभा, डावा पाय पुढे. डोकं उजवीकडे वळलेलं, तोंडावर श्वसनयंत्र, त्याची नळी छातीवरच्या पेटीत जाते. दोन्ही हातांत आखूड बंदूक, छातीसमोर आडवी. कमरेला डावीकडे तीन पाउच, उजवीकडे म्यान. पायाखाली पट्टी: पुढे कंपनीचं नाव आणि साल, मागचा मजकूर अर्धा कापलेला, शेवटची तीन अक्षरं वाचता येतात. तळवा ते डोळे २५.४ मि.मी. वजन ११.३२ ग्रॅम. उजव्या खांद्यावर साच्याची रेघ (साच्याचे दोन भाग जुळतात तिथे उठणारी), घासलेली नाही. जुना निळा इनॅमल रंग, बंदुकीवर चांदी.

निष्कर्ष: कंपनी नक्की, पट्टीवरून. मालिका संभाव्य, जाहिरातीतल्या रेखाचित्राशी ठेवण जुळते, पाउचची संख्या जुळत नाही. शिल्पकार: नोंद नाही.'

पाउच मोजणं किरकोळ वाटेल. पण याच पुतळ्याचा दुसरा अवतार पुढे कधी हाती आला आणि त्याला दोनच पाउच असले, तर ही ओळ सोन्याहून पिवळी ठरते.

क्रमांक देताना त्यात अर्थ कोंबू नका. कंपनी, मालिका, साल हे सगळं क्रमांकात घातलं आणि उद्या ओळख बदलली, तर क्रमांकच खोटा पडतो. साधा चढता क्रमांक द्या आणि एकदा दिलेला पुन्हा कुणाला देऊ नका, पुतळा विकला तरीही. तो क्रमांक पुतळ्यावर लिहायचा नाही. झिपच्या पिशवीत चिठ्ठी घाला, किंवा तळाखाली काढता येईल असा कागद लावा.

कुठून मिळाला, केव्हा, कितीला आणि सोबत काय होतं हेही लिहा. 'सोबत काय होतं' हा रकाना बहुतेक जण विसरतात. एका खोक्यात एकाच माणसाचे, एकाच हातानं रंगवलेले वीस पुतळे आले आणि त्यातल्या अठरांची ओळख १९८३ च्या आधीची पटली, तर उरलेल्या दोघांबद्दलही अंदाज बांधता येतो. ते वेगवेगळ्या डब्यांत गेले की हा धागा कायमचा तुटतो.

कंपनीचा कोड मिळाला की ओळख पूर्ण झाली ना?

कोड बहुतेकदा पाकिटाचा असतो. सिटाडेलच्या एकाच कोडखाली दहा-बारा वेगवेगळी शिल्पं असायची आणि पाकिटात त्यांतली कुठलीही यायची. शिवाय एकाच धडाला वेगवेगळी डोकी, वेगळे हात, वेगळी शस्त्रं. उलटंही व्हायचं: तेच शिल्प दोन मालिकांत, दोन कोडांखाली. म्हणून नोंदीचा मूळ घटक शिल्प ठेवा आणि कोड हा त्या शिल्पाला जोडलेला, बदलू शकणारा तपशील. एका शिल्पाला तीन कोड असू द्यात, काही बिघडत नाही.

जुळवणी करताना त्या काळचे छापील कॅटलॉग आणि 'व्हाइट ड्वार्फ' मासिकातल्या जाहिराती हा उत्तम आधार. जाहिरातीत पुतळ्यांची रेखाचित्रं किंवा फोटो, आणि पुष्कळदा प्रत्येकाला स्वतःचं नाव. मात्र रेखाचित्र कधीकधी तयार शिल्पापेक्षा वेगळं असतं आणि जाहिरातीत दिसलेला प्रत्येक पुतळा विक्रीला आलाच असंही नाही. 'स्टफ ऑफ लेजेंड्स' आणि 'लॉस्ट मिनिज विकी' ही इंटरनेटवरची दोन भांडारं संग्राहकांनीच पदरमोड करून उभी केली आहेत, त्यांच्याशी ताडून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

कुठलं सॉफ्टवेअर वापरू?

साधी एक्सेल शीट. फोटोंच्या फाइलला तोच क्रमांक द्या. वर्षातून एकदा छापून घ्या आणि प्रत पुतळ्यांच्या कपाटातच ठेवा. अ‍ॅप बंद पडतात.

नकली पुतळा कसा ओळखायचा?

यासाठी पुतळे कसे बनतात ते माहीत हवं. शिल्पकार मूळ नमुना घडवतो. त्यावरून रबराचा मुख्य साचा तयार होतो. रबर उष्णता आणि दाब देऊन घट्ट केलेलं असतं. त्या साच्यातून काढलेल्या प्रतींवरून कामाचे साचे बनतात. गोल साचा यंत्रावर गरगर फिरत असतो, मधोमध वितळलेला धातू ओततात, तो फिरण्याच्या जोरानं कडेच्या पोकळ्यांत शिरतो. प्रत्येक टप्प्यावर वस्तू किंचित आकसते. बाजारातून घेतलेल्या पुतळ्यावरूनच कुणी साचा बनवला, तर त्याची प्रत मुळापेक्षा आणखी आकसलेली आणि बोथट निघते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

त्यामुळे कॅलिपरचा आकडा महत्त्वाचा. खात्रीच्या पुतळ्याशी तुलना करून तीन-चार ठिकाणी मापं घ्या. सगळीकडे सारख्याच प्रमाणात कमी भरली तर संशय घ्या. मग भिंगाखाली पट्टीवरची अक्षरं बघा. मुळात त्यांच्या कडा धारदार असतात, नकलेत गोलसर होतात आणि 'ए' किंवा 'डी' मधली पोकळी बुजते. खोल जागी, म्हणजे काखेत, पट्ट्याखाली, बोटांच्या मधे, हवेचे बुडबुडे अडकून बारीक गोळे किंवा खड्डे तयार झालेले असतात. एकाच पुतळ्यावर दोन साच्यांच्या रेघा दिसल्या, एक ठसठशीत आणि दुसरी तिच्या शेजारी पुसट, तर नक्कल जवळजवळ ठरलीच: पुसट रेघ मूळ पुतळ्याची, तिचीसुद्धा प्रत निघालेली असते.

एक सावधगिरी मात्र बाळगा. अस्सल साचाही हजारो वेळा वापरून झिजतो. शेवटच्या काळातली खरी प्रत ओबडधोबड असू शकते. बोथटपणा एकटा पुरावा नव्हे, मापासोबतच तो विचारात घ्यायचा.

जाणूनबुजून नक्कल विकणाऱ्यांबद्दल मला अजिबात सहानुभूती नाही. ते शिल्पकाराचं नुकसान करतातच, शिवाय नोंदींचं पाणी गढूळ करतात. नक्कल हाती आली तर तीही नोंदवा, 'नक्कल' असं ठळक लिहा, आणि ती पुन्हा बाजारात सोडू नका.

आज नव्यानं ओतलेले जुने पुतळे मिळतात, तेही नकलीच?

परवान्यानं ओतलेले असतील तर नाही. 'लेझरबर्न'चे पुतळे स्कॉटलंडच्या ऑल्टर्नेटिव्ह आर्मीजकडून आजही मिळतात. खेळायला उत्तम, तुलनेसाठी त्याहून उत्तम. फक्त नोंदीत 'नंतरचं ओतकाम' असं लिहा.

पुतळ्यावर पांढरी पूड आली आहे. बुरशी आहे का?

बुरशी नाही. संग्राहक याला 'लेड रॉट' म्हणतात, आणि मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहणाऱ्यांनी हे उत्तर नीट वाचावं.

लाकूड, प्लायवूड, एमडीएफ, पुठ्ठा यांतून अ‍ॅसेटिक आम्लाची वाफ सतत, अगदी थोडी थोडी बाहेर पडत असते. बंद कपाटात ती साठते. शिशावर तिचा परिणाम होऊन लेड अ‍ॅसिटेट बनतं, मग हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि ओलावा त्याचं कार्बोनेट करतात. तीच ती पांढरट पूड. घात असा की या दुसऱ्या टप्प्यात आम्ल पुन्हा मोकळं होतं आणि नव्या शिशावर तुटून पडतं. म्हणजे एकदा सुरू झालं की बाहेरून आणखी आम्ल आलं नाही तरी ते चालू राहतं. मिश्रधातूत कथील जास्त असेल तर पुतळा टिकाव धरतो, शिसं जास्त असेल तर लवकर पोखरला जातो.

उपाय: नायट्राइलचे हातमोजे आणि मास्क घाला. पुतळा पाण्यात बुडवूनच मऊ टूथब्रशनं घासा, कोरडा घासायचा नाही, कारण ती पूड शिशाची आहे आणि नाकातोंडात जाते. साबणानं धुऊन, भरपूर पाण्यात खळबळून, पूर्ण वाळू द्या. मग प्रायमर किंवा वॉर्निश मारा. काही जण व्हिनेगर सुचवतात. व्हिनेगर म्हणजे तेच अ‍ॅसेटिक आम्ल, त्या वाटेला जाऊ नका. खड्डे पडलेला धातू परत येत नाही, पण पसरणं थांबवता येतं.

साठवण बदलली नाही तर हे सगळं फुकट. सागवानी कपाट कितीही देखणं असलं तरी शिशाचे पुतळे त्यात नकोत. स्टीलचं कपाट किंवा पॉलिप्रोपिलीनचे डबे घ्या, आत सिलिका जेल ठेवा आणि पावसाळ्यात ते महिन्याला बदला किंवा वाळवा. काचेचं नवं कपाट करून घेत असाल तर सांध्यांना लावायच्या सिलिकॉनचा वास घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना अ‍ॅसेटिक आम्लच सोडतं. कारागिराला 'न्यूट्रल क्युअर' प्रकारचं आणायला सांगा. डब्यातला फोमही तपासत राहा. पॉलियुरेथेनचा फोम दमट हवेत काही वर्षांत चिकट होऊन चुरा होतो आणि रंगात रुतून बसतो.

पाकीट फोडलेलं नाही. तसंच ठेवू का?

पाठीचा पुठ्ठा, आतला फोम आणि बंद हवा: लेड रॉटला याहून सोयीची जागा नाही. प्लॅस्टिकमधून पूड दिसू लागली असेल तर मी फोडेन. त्याआधी चारही बाजूंनी फोटो काढेन, पुठ्ठा सपाट करून वेगळा ठेवेन. पूड नसेल तर पाकीट तसंच ठेवून दर पावसाळ्यानंतर तपासायचं.

घरात लहान मुलं आहेत. शिसं धोकादायक नाही का?

आहे. पुतळा नुसता हातात धरल्यानं काही होत नाही, पोटात किंवा श्वासात गेलं तर होतं. हाताळल्यावर हात साबणानं धुवा, टेबलावर चहा-फराळ ठेवू नका, कानस मारायची असेल तर ओली करून मारा आणि तो चिकट गाळ टिश्यूत पुसून वेगळा टाका. लहान मुलांच्या हाती जुनी धातूची मिनिएचर्स द्यायची नाहीत, यात तडजोड नाही. त्यांच्यासाठी प्लॅस्टिकची आहेत.

जुना रंग काढावा का?

घाई करू नका. १९८४ साली कुणीतरी इनॅमलनं मन लावून रंगवलेला पुतळा हा त्या काळच्या खेळाचा दाखला आहे. त्या सैन्याची रंगसंगती, चिन्हं, तळावरचा भुसा यांतून खेळ कसा खेळला जात होता ते कळतं. काढायचाच असेल तर आधी फोटो.

धातूवरून रंग काढायला आपल्या घरातलं साधं तपकिरी डेटॉल चांगलं चालतं. पुतळा रात्रभर बुडवून ठेवा आणि टूथब्रशनं घासा. मेख पुढे आहे: थेट नळाखाली धरलात तर सुटलेल्या रंगाचा राळेसारखा चिकट लगदा होतो आणि तो प्रत्येक फटीत बसतो. आधी ताज्या डेटॉलमध्येच खळबळून रंग पूर्ण घालवा, नंतर भांड्यांच्या साबणानं धुवा. अ‍ॅसिटोन धातूला चालतं, पण आरटीबी०१ सारख्या पॉलिस्टायरीनच्या पुतळ्यावर एक थेंब पडला तरी तो विरघळतो.

बॅटलटेकच्या 'अनसीन' पुतळ्यांचा काय प्रकार आहे?

शिकागोच्या फासा कंपनीनं १९८४ मध्ये 'बॅटलड्रॉइड्स' हा खेळ काढला, पुढच्याच वर्षी त्याचं नाव 'बॅटलटेक' झालं. त्यातल्या अनेक महाकाय यंत्रांची रूपं 'मॅक्रॉस', 'डौग्राम' आणि 'क्रशर जो' या जपानी मालिका-चित्रपटांतून घेतलेली होती. हक्कांवरून हार्मनी गोल्ड या अमेरिकी कंपनीशी वाद कोर्टात गेला आणि १९९६ नंतर फासानं ती चित्रं वापरणं थांबवलं. खेळात यंत्रांची नावं राहिली, रूपं गेली, म्हणून 'अनसीन'. राल पार्थानं त्याआधी ओतलेले त्या रूपांचे धातूचे पुतळे त्यामुळे मागणीत असतात. नोंदताना यंत्राचं नाव पुरेसं नाही, कारण पुढे त्याच नावाची वेगळी रूपं आली. रूपाचं वर्णन करा: गुडघा कुठल्या बाजूला वाकतो, तोफा खांद्यावर की हातात, कॉकपिटची काच कशी.

किंमत कशी ठरवायची?

मागितलेली किंमत पाहू नका, प्रत्यक्ष विकले गेलेले सौदे पाहा. एकाच पुतळ्याचे चार-पाच सौदे पाहिल्याशिवाय आकडा मनात पक्का करू नका. शस्त्र मोडलेलं, पट्टी कापलेली किंवा हात भलत्याचाच असेल तर भाव चांगलाच उतरतो. 'दुर्मीळ' हा शब्द विक्रेते सढळ हातानं वापरतात. आरटीबी०१ चे मरीन दुर्मीळ नाहीत, पण सुटे भाग ज्या प्लॅस्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात ती सगळ्या भागांसह पूर्ण चौकट कमी दिसते. तीच गत १९८८ च्या 'अ‍ॅडेप्टस टायटॅनिकस' खोक्याची: सहा प्लॅस्टिकचे टायटन, म्हणजे महाकाय युद्धयंत्रं, मिळतात, त्यांची सगळी शस्त्रं आणि पॉलिस्टायरीनच्या इमारती धडधाकट मिळणं अवघड.

भारतात मागवताना काय लक्षात ठेवावं?

खेळण्यांवरची मूळ कस्टम ड्यूटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के झाली आणि २०२३ मध्ये ७०. परदेशातून येणाऱ्या पाच हजार रुपयांपर्यंतच्या भेटवस्तूंना असलेली सूट २०१९ च्या डिसेंबरात संपली. पार्सल खेळणी म्हणून मोजलं गेलं तर वस्तूपेक्षा कर आणि टपाल जड होऊ शकतं, म्हणून मागवण्याआधी चालू दर तपासा. विक्रेत्याला पाकिटावर खरं वर्णन आणि खरी किंमत लिहायला सांगा. पुतळ्यांचे हात-शस्त्रं टपालात मोडतात ती मोकळ्या जागेमुळे. प्रत्येक पुतळा स्वतंत्र गुंडाळून खोका गच्च भरायला सांगितलं की निम्मा त्रास वाचतो.

इंग्लंडमधल्या मराठी मंडळींची यात चंगळ आहे. लंडनचं 'सॅल्यूट' आणि न्यूअर्कचं 'पार्टिझन' अशा प्रदर्शनांत जुन्या मालाची 'ब्रिंग अँड बाय' टेबलं, म्हणजे लोकांनी विकायला आणलेल्या वस्तूंची टेबलं, लागतात, तिथे पुतळा हातात घेऊन, उलटा करून पाहता येतो. सुट्टीत भारतात येणाऱ्या नातेवाइकाला शोधायला सांगायचं तर फोटोसह नेमकी यादी द्या, नुसतं 'जुने काही दिसले तर घे' असं सांगू नका.

नव्यानं सुरुवात करतोय. काय जमवू?

एक लहान मालिका निवडा आणि ती पुरी समजून घ्या. १५ मिलिमीटरचे 'ट्रॅव्हलर'चे सिटाडेल संच, किंवा मार्क कॉपलस्टोन यांनी ग्रेनेडियरसाठी घडवलेले १९९० च्या सुमाराचे 'फ्यूचर वॉरियर्स', किंवा डेनिझन या कंपनीचे पुतळे. मालिका आटोपशीर असली की प्रत्येक शिल्पाचे दोन-तीन नमुने तुलनेला जमतात आणि डोळा तयार होतो. सगळंच थोडं थोडं घेणाऱ्याचा डबा भरतो, नजर तयार होत नाही.

ओळख पटतच नाही अशा पुतळ्याचं काय करू?

नोंदवा आणि लोकांसमोर ठेवा. 'लॉस्ट मिनिज विकी'वर आणि ओल्डहॅमर म्हणवणाऱ्या, म्हणजे जुन्या वॉरहॅमरच्या चाहत्या, संग्राहकांच्या वर्तुळात अशा अनोळखी पुतळ्यांची रोज चर्चा होते. फोटो कसे द्यायचे तेवढं सांगतो. पार्श्वभूमी सपाट राखाडी, उजेड खिडकीचा पण थेट ऊन नको. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी आणि तळाचा असे पाच फोटो, कॅमेरा पुतळ्याच्या छातीच्या उंचीला. शेजारी मिलिमीटरची पट्टी उभी. पुतळ्याच्या पायाखालच्या पट्टीवरच्या अक्षरांचा तिरप्या उजेडातला वेगळा फोटो. सोबत उंची, वजन आणि तो कुठल्या पुतळ्यांसोबत मिळाला ते लिहा. उत्तर आलं की नोंदीत उत्तर, ते देणाऱ्यानं दिलेला पुरावा आणि तारीख लिहा. जुना निष्कर्ष खोडू नका, त्याच्या खाली नवा लिहा.